दुबार पेरणीचे संकट

प्रश्न : आमची हिंगोलीकडील कोरडवाहू जमीन आहे. मृगाच्या सरींवर सोयाबीन पेरावे, तर पुढे पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी करावी लागते. उपाय सुचवावा.

उत्तर : पर्जन्यमानाचा एकंदर आकडा फारसा न घटता त्याची विभागणी मात्र विस्कळीत झाली असल्याने, पंचांगातील नक्षत्रापेक्षा जमिनीतील ओलीस प्रमाण मानणे हे आता अगत्याचे झाले आहे. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर उतरेपर्यंत, शेजाऱ्याची तिफण चालू झाली तरी, आपण धीर धरावा. (हा धीर धरणे सर्वांत कठीण, हे मी जाणून आहे.)

सोयाबीनचे सरळ वाण असल्यास घरचेच बियाणे चालते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत व आठवड्याअखेर सत्तर उगवले तर ते निःशंक पेरावे, मात्र पाच सेंटिमीटरांहून खोल नव्हे. पेरणी रुंद वरंबा-सरी पद्धतीने केल्यास सरीत मुरलेले पाणी खंडाच्या काळात पिकास तारते आणि अतिवृष्टीत तीच सरी पाण्याचा निचरा करते. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन घ्याव्यात. कारण आश्विनातील अवकाळीने सोयाबीन भिजले तरी खोल मुळांची तूर पुढे हाती लागते.

पीकपेऱ्याची नोंद सातबाऱ्यावर मुदतीत करून घ्यावी. ती नसेल तर पंचनाम्याच्या वेळी दप्तरात आपले पीकच नसते.