चौघांना घेऊन चाल

अगं, तुझा लांबलचक मेसेज वाचला. कुठला क्लास घेऊ, पार्टीत कोणाला ठेवू, कुठलं शस्त्र आधी उचलू, आणि सगळ्यात शेवटी, "ताई, मी चुकीचं खेळतेय का गं?" आधी त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, राणी. तू घाबरत घाबरत खेळतेयस एवढंच. एका हातात गाइड आणि दुसऱ्या हातात माउस धरून 'बाल्डर्स गेट ३' खेळलं की पावलोपावली वाटतं, आपलं काहीतरी राहून गेलं. ते गाइड मिटव आणि तुझ्या पार्टीतल्या चौघांकडे बघ.

हा खेळ कुठून आलाय ते कळलं की निम्मी भीती जाईल. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये आणला, पण त्याचे नियम 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे. तो मूळ खेळ १९७४ पासून टेबलाभोवती बसून खेळला जातोय. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि फासे टाकतात. एकट्यालाच सगळं जमलं तर बाकीच्यांनी करायचं काय? म्हणून प्रत्येकात काहीतरी उणं ठेवलेलं असतं. तुझे साथीदारच बघ. लेझेल तलवारीची पक्की, पण तिच्या बोलण्याने समोरचा बिथरतो. अ‍ॅस्टेरियन कुलपं उघडतो, सापळे निकामी करतो, पण समोरासमोरच्या मारामारीत टिकत नाही. गेलकडे जादू भरपूर, अंगात ताकद कमी. शॅडोहार्ट सगळ्यांना सावरते. यातलं कोण सगळ्यात भारी, हे विचारूच नकोस. ज्याचं जे काम, ते त्याला करू दे.

गेल पडला की तू लगेच रीलोड करतेस, असं लिहिलंयस. अगं, पडला म्हणजे मेला नव्हे! हिट पॉइंट शून्यावर आले की पात्र जमिनीवर कोसळतं आणि आपल्या प्रत्येक टर्नला जगण्यासाठी फासा टाकतं. तीन दानं चांगली पडली तर जीव तगतो, तीन वाईट पडली तर जातो. म्हणजे तुझ्या हातात वेळ असतो. शॅडोहार्टचा 'हीलिंग वर्ड' लांबूनच लागतो आणि त्याला फक्त बोनस अ‍ॅक्शन खर्च होते, मुख्य अ‍ॅक्शन शिल्लक राहते. ती दुसऱ्या टोकाला असेल तर जवळच्या कोणीही 'हेल्प' देऊन त्याला उभं करायचं. तेही जमत नसेल तर औषधाची बाटली त्याच्या अंगावर फेक. फुटली की त्यातलं औषध लागतं, आणि शेजारी दुसरा जखमी असेल तर त्यालाही लागतं. गेल धडपडत उठतो, पुढच्या टर्नला त्याच गॉब्लिनवर आगीचा गोळा टाकतो, आणि ती लढाई कायमची तुझ्या लक्षात राहते. रीलोड केलंस की हे सगळं हातचं जातं.

संवादातल्या फाशाचंही तेच. वीस बाजूंचा फासा स्क्रीनवर गरगरायला लागला की तुझ्या पोटात गोळा येतो ना? मग जरा हिशेब करून बघ. समज, गाठायचा आकडा १० आहे आणि तुझी भर आहे ३. म्हणजे फाशावर ७ किंवा जास्त हवेत, शंभरात सत्तर वेळा जमणार. दोन फासे टाकून मोठा धरायची मुभा, म्हणजे 'अ‍ॅडव्हान्टेज', मिळाली तर तीच शक्यता ९१ वर जाते. शॅडोहार्टने 'गायडन्स' दिला की आणखी १ ते ४ ची भर पडते. एवढं करून दान उलटं पडलं तर पडू दे. या खेळात हरलेल्या फाशापुढेही गोष्ट लिहिलेली आहे. दार अडवलं तर खिडकी असते, खिडकी नसली तर भांडण असतं, आणि त्या भांडणातून काय निघेल ते गाइड वाचून कळत नाही.

आणखी एक, कॅम्प. तू लाँग रेस्ट घ्यायची टाळतेस, सामान वाचवायला. नको गं असं करूस. 'बॅलन्स्ड' मोडवरसुद्धा एका पूर्ण विश्रांतीला चाळीसच सप्लाय लागतात, आणि बॅरल, पेट्या, स्वयंपाकघरं धुंडाळली की ते मिळत राहतात. माणसं मनातलं बोलतात ती रात्री, शेकोटीजवळ. तू झोपलीच नाहीस तर अ‍ॅस्टेरियन काय लपवतोय, शॅडोहार्ट तिच्याजवळच्या विचित्र वस्तूला एवढी का जपते, हे कळणार कधी? डोक्यावर उद्गारचिन्ह दिसलं की समज, त्या माणसाला तुझ्याशी बोलायचंय. फक्त एवढं ध्यानात ठेव, की समोर आग लागलेली असेल, कोणी आत अडकलेलं असेल, तर आधी त्यांना सोडव, मग झोप. सकाळपर्यंत ते वाट बघत नाहीत.

आणि सगळ्यांना खूश ठेवायचा नाद सोड. हे मी तुला खेळापुरतं सांगत नाहीये. कोपऱ्यात 'अमक्याला आवडलं नाही' असं उमटलं की तू उत्तर बदलायला धावतेस. कार्लाख या आणखी एका साथीदाराला दुबळ्याला मदत केलेली आवडते, तीच मदत बघून अ‍ॅस्टेरियन नाक मुरडतो. दोघांचं एकदम कसं पटणार? तुला जे बरोबर वाटतं ते बोल. रुसलेला माणूस लगेच पार्टी सोडून जात नाही. उद्या तुझ्या दुसऱ्या एखाद्या वागण्याने तो पुन्हा जवळ येतो.

क्लासची काळजी तर अजिबात करू नकोस. विदर्स नावाचा तो हाडकुळा म्हातारा तुला सुरुवातीच्या थडग्यात सापडेल, नाही सापडला तर स्वतःच कॅम्पात येईल. शंभर सोन्याच्या नाण्यांत तो क्लास बदलून देतो, दोनशेत मेलेल्याला परत आणतो. म्हणजे आज घेतलेला कुठलाच निर्णय गळ्यात धोंडा बांधल्यासारखा नाही.

'एक्सप्लोरर' मोडवर खेळतेस म्हणून मित्र चिडवतात, त्यांना चिडवू दे. तो मोड बनवणाऱ्यांनीच दिलाय, गोष्ट निवांत अनुभवायला. इंग्रजी भराभर वाचता येत नाही म्हणतेस, पण सबटायटल्स चालू असतात आणि तू उत्तर निवडेपर्यंत समोरचा थांबून राहतो. लढाईत तुझी टर्न आली की तीही तुझ्यासाठी थांबते. दोनदा वाच, हवं तर मला विचार. आणि हा खेळ मोठ्यांचा आहे. बाहेरच्या खोलीत, आईबाबांसमोर लावणार असशील तर सेटिंग्जमध्ये जाऊन नग्नता लपवायचा पर्याय आधी निवडून घे, म्हणजे दडपण राहणार नाही.

आज रात्री एवढंच कर. नवीन काही जिंकायला निघू नकोस. कॅम्पात जा, पार्टीतल्यांशीच नाही, तिथे असलेल्या प्रत्येकाशी बोल, आणि मग झोप. उद्या पहिलं उलटं दान पडलं की मला फोन लाव, पण रीलोड करायच्या आधी. पुढे काय करता येईल ते आपण दोघी मिळून बघू.