फ्यूजच्या जागी तार

सावंतवाडी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

ताईचा फोन आल्यापासून चित्त ठिकाणावर नाही, सबब हे पत्र तातडीने लिहीत आहे. गाडीला शंभर वॅटचे दिवे तू स्वतः बसविलेस, तेव्हापासून फ्यूज वारंवार उडू लागला, आणि अखेर त्या जागी तांब्याची तार गुंडाळून तू मोकळा झालास, हे खरे काय? ताई हे सारे कौतुकाने सांगत होती. आता फ्यूज उडत नाही, फक्त अधूनमधून जळकट वास येतो, असे ती म्हणाली. त्याच गाडीतून तू तिला गणपतीस फोंडा घाटाने, भर पावसात, इकडे आणणार आहेस.

बाळ, ती तार आजच्या आज काढ.

फ्यूज हा तारेचा पहारेकरी आहे. तो उडतो म्हणूनच मागची तार वाचते. मूळच्या पंचावन्न वॅटच्या दोन दिव्यांना १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह लागतो, तर तुझ्या नव्या जोडीस जवळजवळ १७. एवढा भार मूळच्या बारीक तारांवर पडला म्हणजे त्या तापतात, त्यांचे आवरण मऊ होते, आणि डॅशबोर्डमागे, जिथे आपली दृष्टी पोहोचत नाही अशा जागी, उघडे तांबे पत्र्यास टेकले की बॅटरीची सारी शक्ती अनिर्बंधपणे तिथे लोटते. ताईला आला तो वास याचीच पूर्वसूचना असावी, असे मला राहून राहून वाटते.

प्रथम बॅटरीची ऋण बाजू सोडव. जोडताना तीच सर्वांत शेवटी. नंतर तू नवे जे जे बसविलेस ते उतरवून मूळचे दिवे लाव आणि ठरलेल्या अँपिअरचा फ्यूज घाल. तो टिकला तर दोष नव्या भारात किंवा तुझ्या जोडकामात आहे असे समज. न टिकल्यास दर वेळी नवा फ्यूज जाळीत बसू नकोस. फ्यूजच्या दोन टोकांत इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोड आणि त्या फ्यूजवरचे दिवे काढून ठेव. एवढे करूनही बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्ट आहे हे निश्चित, आणि बल्बमुळे प्रवाह पावणेदोन अँपिअरपलीकडे जात नसल्याने काही जळणारही नाही. मग वायरिंग थोडे थोडे हलवीत जा; जिथे बल्ब विझेल तिथे तार चिमटलेली सापडेल, बहुधा तूच आवळलेल्या एखाद्या स्क्रूखाली. इंडिकेटर देताच पार्किंगचे दिवेही लुकलुकतात, असे तू मागे म्हणाला होतास. तो अर्थचा दोष आहे. रंग व गंज खरवडून अर्थची तार स्वच्छ धातूवर घट्ट बसव. आणि शंभराचे दिवे पुन्हा लावू नकोस. घाटात समोरून येणाऱ्याचे डोळे त्याने दिपतात, आणि त्याच्या गाडीतही कोणाची तरी आई असते.

हे वाचून तुला वाटेल, मामा रागावला. रागावलोच आहे, पण तुझ्या हातांवर नाही. तुझ्या वयात मला मोटारकामाची विलक्षण ओढ होती. एस.टी.च्या डेपोपाशी एक मिस्त्री टेस्ट लॅम्प घेऊन तासन्‌तास दोष शोधीत असे, आणि मी कुंपणाबाहेरून ते पाहात उभा राही. परंतु घरची स्थिती तुला ठाऊक आहे, आप्पांच्या आज्ञेनुसार मी कचेरीतली कारकुनी पत्करली आणि ते शिकणे राहिले ते राहिलेच. आज जे सांगतो आहे ते पुढे पुस्तकांतून आणि इतरांच्या कामाकडे पाहून जमविलेले आहे. तू स्वतः पाना हाती धरतोस याचा मला किती आनंद होतो, हे मी तुला कधी सांगितले नाही. ते हात मला धडधाकट हवेत, आणि ताईही.

तार काढलीस की त्याच दिवशी फोन कर, रात्र झाली तरी कर, मी जागाच असेन. दोष सापडला नाही तर ओशाळू नकोस. जाणत्या वायरमनकडे गाडी दे आणि त्याच्या शेजारी उभा राहून पाहा. खर्चाची चिंता नको, तो मी पाठवितो. चतुर्थीपर्यंत गाडी नीट झाली नाही तर ताईला घेऊन एस.टी.ने ये, मी स्थानकावर उभा असेन.

तुझा,
मामा