आज्ञा कोणाची, जबाबदारी कोणाची?



‘सिस्टर’ म्हटले की आपल्याला धर्मभगिनी आठवते. इस्पितळात मात्र त्याच हाकेला परिचारिका धावून येते. ही परिचारिका प्रथम कोणाला बांधील आहे? डॉक्टरांना की रुग्णाला? परिचारिकांच्या जागतिक संघटनेने या प्रश्नाचे उत्तर एकदा बदलले. त्याविषयी आज जाणून घेऊ या.

‘इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस’ ही संघटना १८९९ साली लंडनमध्ये स्थापन झाली. एथेल बेडफोर्ड फेनविक या तिच्या पहिल्या अध्यक्षा. आज तिचे मुख्य कार्यालय जिनिव्हाला असून १३० हून अधिक राष्ट्रीय संघटना तिच्या सभासद आहेत. आपल्या देशातील ‘ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन’ १९१२ साली तिच्याशी जोडली गेली.

१९५३ साली संघटनेने परिचारिकांसाठी आचारसंहिता स्वीकारली. डॉक्टरांच्या आज्ञा समजून आणि निष्ठेने पाळाव्यात, असे तीत होते. १९७३ साली ही संहिता सुधारली, तेव्हा ते कलम गेले. परिचारिकेची पहिली जबाबदारी रुग्णाशी आहे, असे ठरले. सहकाऱ्यामुळे रुग्णाला धोका असेल, तर तिने योग्य पाऊल उचलावे, हेही त्यात आले.

याचा अर्थ डॉक्टरांचे ऐकू नये, असा नव्हे. समजा, रात्रपाळीत औषधाचा डोस चुकून दहापट लिहिलेला तिला दिसला. ‘मला सांगितले तसे मी केले’ हे उत्तर तिथे पुरत नाही. तिने थांबावे, विचारावे, खात्री करून घ्यावी. आज्ञापालन हा सद्गुण खरा. पण तो सद्सद्विवेकाची जागा घेऊ शकत नाही.

मात्र एकटीने वरिष्ठांना विचारायला धीर लागतो. नोकरीचीही भीती असते. म्हणून संघटना हवी. मागे सर्वमान्य नियम असला, म्हणजे तिचा प्रश्न उद्धटपणा नसून कर्तव्य आहे, असे तिला ठामपणे सांगता येते.

सुईणींची जागतिक संघटना वेगळी आहे: ‘इंटरनॅशनल कॉन्फेडरेशन ऑफ मिडवाइव्हज’. तिचे कार्यालय नेदरलँड्समध्ये, द हेग येथे आहे. तिच्या व्याख्येनुसार प्रशिक्षित सुईण बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर करते आणि गुंतागुंत दिसताच डॉक्टरांची मदत मिळवते. म्हणजे इथेही जबाबदारी आधी, हुकूम नंतर.

५ मे हा सुईणींचा आणि १२ मे हा परिचारिकांचा जागतिक दिन. त्या दिवशी फुले जरूर द्या. पण इस्पितळात एखादी सिस्टर ‘थांबा, मी डॉक्टरांना विचारून येते’ म्हणाली, तर उशीर झाला म्हणून तिच्यावर रागावू नका. ती आपल्याच माणसासाठी थांबलेली असते.

घरी चर्चेसाठी: माझ्या कामात ‘सांगितले तसे केले’ असे म्हणून मी कोणती जबाबदारी टाळतो?