पानिपतचा घास

सुटींत चार स्नेही मिळून परमुलखांत जाण्याचा योग आल्यास पानिपत अवश्य पाहावें. आपल्या गांवचें नांव लाविणाऱ्या विंचूरकर घराण्याचे सरदार विठ्ठल शिवदेव १४ जानेवारी १७६१ च्या त्या संग्रामांत लढले व जिवंत परतले. शहराबाहेर काला आंब येथें रणस्मारक आहे. तें पाहून तिकडील रोटी, लोणी व ताक यांवर तुम्ही ताव मारूं लागाल, तेव्हां क्षणभर थांबावें. अब्दालीनें रसद तोडल्यामुळें मराठी फौजेची याच भूमीवर अन्नान्नदशा झाली आणि ती उपाशीपोटींच रणांत उतरली. हें स्मरून पानांतील घास टाकूं नये; आणि घरीं परतल्यावर कांदाभाकरीस बसतांनाही त्या उपाशी वीरांस विसरूं नये.