ऑर्डर घ्या, पावती द्या, बाकीचं काम मागच्या खोलीत!

दिवाळीच्या आधी फराळ, कंदील, गिफ्ट बॉक्स विकायला पुण्यात बरेच जण स्वतःची वेबसाइट काढतात. डेमोला सगळं झकास चालतं. गर्दीच्या आठवड्यात मात्र ‘ऑर्डर करा’ दाबल्यावर चाक नुसतं फिरत बसतं. गिऱ्हाईक वैतागून पुन्हा दाबतं आणि एकाच घराच्या दोन ऑर्डरी पडतात. जास्तीचा डबा कोणाच्या खिशातून जातो? तुमच्याच.

चाक का फिरतं, ते बघू. बटण दाबलं की स्क्रिप्ट ऑर्डर लिहून घेते, मग बिलाचं पीडीएफ बनवते, मग ईमेल पाठवते, मग कुरिअरच्या सर्व्हरला विचारते. हे सगळं संपेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळत. तुळशीबागेत पैसे घेतल्यावर गिऱ्हाईकाला समोर उभं ठेवून दुकानदार वही लिहीत बसला, तर कसं वाटेल? शिवाय सर्व्हरलाही धीर नसतो. पीएचपीची मूळ मर्यादा 30 सेकंदांची, इंजिनएक्सची मागच्या सर्व्हरची वाट बघायची मूळ मर्यादा 60 सेकंद. दिवाळी ऑफरचे 300 ईमेल, प्रत्येकी 2 सेकंद धरले तरी 10 मिनिटं होतात. एका बटणात हे बसणारच नाही.

म्हणून डेव्हलपर सोपा उपाय सुचवतो: स्क्रिप्टमधूनच दुसरा प्रोग्राम सुरू करायचा आणि कमांडच्या शेवटी & लावायचा, की तो मागे चालू राहतो. इथे एक खाच आहे. त्या प्रोग्रामचं आउटपुट फाइलकडे वळवलं नाही, तर & लावूनही पीएचपी थांबून राहते! आणि गिऱ्हाईकाने भरलेलं नाव-पत्ता त्या कमांडमध्ये थेट कधीच घालू देऊ नका. कोणी खोडसाळाने नावाच्या जागी कमांडच लिहिली, तर तुमचा सर्व्हर ती पाळेल. बऱ्याच स्वस्त होस्टिंगवर ही सोय बंदच असते, ते याचमुळे.

पण मला यातली खरी अडचण वेगळी वाटते. असं सोडून दिलेलं काम मध्येच मेलं, तर कोणालाच कळत नाही. गिऱ्हाईकाला ‘धन्यवाद’ दिसलं, तुम्हाला ऑर्डर दिसली, ईमेल मात्र गेलाच नाही.

मी बीबीएवाला, कोडिंग माझा प्रांत नाही. पण उधारीची वही कळते ना? तीच इथे लागते. डेटाबेसमध्ये कामांचं एक टेबल करायचं: काम कोणतं, कोणत्या ऑर्डरचं, स्थिती काय (बाकी, चालू, झालं, फसलं), किती वेळा प्रयत्न केला. बटण दाबलं की स्क्रिप्टने ऑर्डर आणि कामाची एक ओळ लिहायची, ऑर्डर नंबर दाखवायचा, बास. मग क्रॉन दर मिनिटाला एक वेगळी स्क्रिप्ट उठवतो. ती बाकी कामं उचलते आणि स्थिती बदलते. आधीची फेरी संपली नसेल तर नवीने परत फिरायचं, म्हणून कुलूप लावायला सांगा. नाहीतर एकाच माणसाला दोन-दोन ईमेल. आणि प्रत्येक ऑर्डर फॉर्मला स्वतःचा एकच नंबर हवा, म्हणजे दोनदा दाबलं तरी ऑर्डर एकच पडते.

मोठ्या सॉफ्टवेअरमध्येही हेच चालतं. आपल्या मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट बघा, ओपन सोर्स आहे. त्यात कामांच्या तीन रांगा असतात: शॉर्ट, डिफॉल्ट, लाँग. पहिल्या दोनमधल्या कामाला मूळ मर्यादा 300 सेकंद, लाँगला 1500. ईमेलची तर वेगळी यादीच आहे. कोणता गेला, कोणता अडकला, मालकाला स्क्रीनवर दिसतं. दुकानाच्या दृष्टीने मला तीच स्क्रीन सगळ्यात कामाची वाटते.

पैसे मिळाले की नाही ही खात्री मात्र मागच्या खोलीत ढकलून ‘ऑर्डर पक्की’ असं दाखवू नका. ते उत्तर आल्यावरच ऑर्डर पक्की म्हणा.

वेबसाइट ताब्यात घेण्याआधी डेव्हलपरला समोर बसवा. एक टेस्ट ऑर्डर टाका, ईमेलचा पासवर्ड मुद्दाम चुकीचा ठेवून. पान लगेच उघडलं पाहिजे, आणि ‘फसलं’ ही ओळ तुम्हाला, त्याला न विचारता, दिसली पाहिजे. ती दिसेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.