पाठांतराच्या पुढची पायरी

शास्त्रपाठ : दानीएल १:३–२०, लूक २:४१–५२, प्रेषितांची कृत्ये १७:१०–१२

दरवर्षी बारावीचे निकाल लागले की मंडळीतल्या अनेक घरांत एकच प्रश्न निघतो : मुलाला किंवा मुलीला कॉलेजात घालावे काय? "बी.ए. होऊन मिळणार काय?" असे वडील विचारतात. प्रश्न रास्त आहे. फीसाठी आईने भिशीचे पैसे बाजूला ठेवलेले असतात, आणि घरात आणखी एक पगार यावा ही गरजही खरी असते. परंतु याच्याच जोडीला दुसरा एक प्रश्न विचारला पाहिजे : तीन वर्षांत त्या मुलाच्या ठायी काय उतरले? पुष्कळ मुले गाइडातली उत्तरे घोकतात, परीक्षेत ती जशीच्या तशी लिहितात आणि सुटीत विसरून जातात. सनावळ्या व व्याख्या तर आज खिशातल्या मोबाईलमध्येही सापडतात. मग कॉलेजने द्यावयाचे ते काय? या पाठात आपण त्याचा विचार करू.

१. पाठांतराला कमी लेखू नये

शब्बाथशाळेत आपण मुलांकडून सुवर्णवचने पाठ करून घेतो ते योग्यच आहे. आजारपणात, जेव्हा पुस्तक हाती धरवत नाही, तेव्हा लहानपणी पाठ केलेले वचनच मदतीला येते. तथापि पाठांतर हे घरातल्या कणगीसारखे आहे. कणगीत धान्य भरलेले असावे. पण ते निवडावे, दळावे आणि भाजावे लागते, तेव्हा कोठे भाकर ताटात पडते.

दानीएल व त्याचे सोबती यांना बाबेलच्या राजाने तीन वर्षे खास्द्यांची भाषा व विद्या शिकवली. त्यांनी ती परक्यांची म्हणून टाकली नाही. मन लावून शिकले. पण राजाच्या ताटातले अन्न समोर आले तेव्हा दानीएलाने विचार केला, आणि कारभाऱ्याला नम्रपणे विनंती केली की, दहा दिवस आम्हांला शाकान्न देऊन पाहा, मग आमची तोंडे पाहून काय ते ठरवा. शिकावे सर्व, परंतु काय घ्यावे व काय नाकारावे हे पारखून ठरवावे. हेच खरे शिक्षण होय.

२. पंडिता रमाबाईंचे उदाहरण

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. आईने त्यांना लहानपणीच संस्कृत शिकवले आणि पुराणांतले हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली. केवळ पाठांतराने मोठे होता येत असते, तर त्यांना आणखी काही शिकण्याची गरजच नव्हती.

परंतु १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात त्या शिकू लागल्या. तेथे त्या संस्कृत शिकवीतही असत. वैद्यकी शिकावी अशी त्यांची इच्छा होती. पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे ती पुरी झाली नाही.

तेथे त्यांचे प्रश्न विचारणे थांबले नाही. श्रद्धेच्या बाबतीत, मंडळी सांगते एवढ्यावरच त्यांचे समाधान होत नसे. त्या शास्त्र स्वतः वाचून पाहत आणि पत्रांतून शंका मांडत. ज्यांच्या आश्रयाला त्या होत्या त्यांच्यापैकी काहींना हा हट्ट व गर्व वाटला. कॉलेजच्या प्रमुख मिस डॉरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या प्रश्नांना सविस्तर उत्तरे लिहिली. हा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे.

या शिक्षणाचे फळ काय? १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढले. पुढे केडगावला मुक्ति मिशन उभे राहिले. उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, कारण साध्यासुध्या बायांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणावयाचे होते. त्याचे खिळे जुळवण्याचे व छपाईचे काम मुक्तीतल्या मुलीबायांनी केले. १९२२ साली रमाबाई प्रभूकडे गेल्या आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रीला हजारो श्लोक पाठ होते, तिने आयुष्याची शेवटची वर्षे दुसऱ्यांना अर्थ कळावा म्हणून खर्च केली.

३. प्रश्न विचारणे हे अश्रद्धेचे लक्षण नव्हे

मुलगा कॉलेजात गेला की श्रद्धा गमावील, अशी भीती काही आईबापांना वाटते. ती समजण्यासारखी आहे. पण लूक सांगतो की बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता व त्यांना प्रश्न विचारीत होता. ऐकणे आणि विचारणे ही दोन्ही तेथे एकत्र आहेत. बिरुयाच्या लोकांनी तर पौलाची शिकवण आनंदाने ऐकली आणि ती खरी आहे काय हे दररोज शास्त्रात शोधून पाहिले. याबद्दल त्यांना दोष दिलेला नाही, उलट त्यांना थोर म्हटले आहे.

समजा, विज्ञान शाखेतल्या मुलीने तरुणांच्या वर्गात विचारले, "सृष्टी सहा दिवसांत झाली याचा अर्थ काय?" शिक्षकांनी "असले विचारू नये" म्हटले, तर पुढच्या रविवारी तिची जागा रिकामी दिसेल, आणि तोच प्रश्न ती बाहेर कोणाला तरी विचारील. "मला नीट ठाऊक नाही, आपण दोघे मिळून पाहू, पाळकसाहेबांनाही विचारू," असे म्हटले, तर ती टिकेल. शिक्षकाचा मान त्याने कमी होत नाही.

४. आपल्या भाषेत सांगता येते काय?

बेळगाव, इंदूर, वडोदरा, हैदराबाद अशा ठिकाणच्या आपल्या मुलांपुढे आणखी एक अडचण असते. घरात व उपासनेत मराठी, शेजारी कन्नड, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू, आणि कॉलेजात इंग्रजी. परक्या भाषेतले वाक्य उमगले नाही की मुलगा ते घोकतो. म्हणून आईबापांनी एक सोपी कसोटी ठेवावी. रात्री जेवताना विचारावे, "आज काय शिकलास ते आजीला सांग पाहू." आजीला समजेल अशा मराठीत त्याला ते सांगता आले, तर ते त्याचे झाले. नाही आले, तर त्याला रागावू नये. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांना विचारण्याचे धैर्य द्यावे.

गुणपत्रिका नोकरीच्या अर्जाला जोडावी लागते. ती चांगली असावीच. पण नोकरी मिळाली तरी आणि मिळण्यास उशीर झाला तरी, विचारण्याची, पारखण्याची आणि दुसऱ्याला समजावून देण्याची सवय मुलाजवळ राहते. पंचकमिटीत हिशेब वाचताना, दवाखान्यात आईच्या औषधाची चिठ्ठी पाहताना, मत देताना ती उपयोगी पडते.

शिक्षकांसाठी

१. येत्या रविवारी सुवर्णवचन म्हणून घेतल्यावर प्रत्येक मुलाला त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगू द्या.
२. दानीएलाने राजाच्या शिक्षणातले काय स्वीकारले व काय नाकारले? मुलांकडून फळ्यावर दोन याद्या करून घ्या.
३. आपल्या वर्गात कोणता प्रश्न विचारण्यास मुले कचरतात? का कचरतात?
४. मंडळीतला कोणी मुलगा किंवा मुलगी फीअभावी कॉलेज सोडण्याच्या बेतात आहे काय? याची चौकशी करून पाळकसाहेबांना कळवा.