बंबाची निगा व दुरुस्ती
(इयत्ता सातवीच्या ‘उष्णता’ या पाठास पूरक)

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत अनेक घरी विजेचे गिझर आले आहेत, काही वसतिगृहांच्या छपरांवर सौर तापकही बसले आहेत. तथापि ज्या घरी तांब्याचा बंब आहे तेथे हिवाळ्यात तो अद्याप पेटतो. मुलांच्या रोजच्या पाहण्यातील या वस्तूवर उष्णतेचा पाठ उत्तम घेता येतो. त्यास येथे आणखी एक कारण आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत सरपणासाठी रानात गेलेल्या माणसांवर वाघाने हल्ले केल्याच्या घटना घडलेल्या आहेत. बिघडलेला बंब अधिक लाकूड खातो, आणि ते आणावयास घरातील कोणास तरी रानात जावे लागते.

बंबाची रचना सोपी आहे. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, नळीत विस्तव आणि नळीभोवती पाणी. राख जाळीतून खाली पडते व त्याच वाटेने हवा वर चढते. राख साचली की हवा कोंडते, लाकूड धुमसते आणि नळीस काजळी धरते. म्हणून राख रोज काढावी. नळी आठवड्यातून एकदा काथ्याच्या कुंच्याने झाडावी.

रिकामा बंब कदापि पेटवू नये. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सियसला वितळते, परंतु कल्हईचे कथील २३२ अंशांनाच वितळते आणि कथील-शिशाची झाळ त्याहूनही लवकर सुटते. पाणी असेपर्यंत धातू फारसा तापत नाही. कागदाच्या द्रोणात पाणी घालून मेणबत्तीवर धरावे. ज्योत पाण्याच्या पातळीखालीच लागली तर पाणी तापते, कागद जळत नाही. हा प्रयोग शिक्षकाने स्वतः करून दाखवावा.

विहिरीचे वा हातपंपाचे पाणी जड असल्यास आतून पांढरे पुट चढते. पाण्यात विरघळलेले चुन्याचे क्षार तापल्यावर न विरघळणाऱ्या रूपात खाली बसतात. हे पुट तांब्यापेक्षा शेकडोपट मंद गतीने उष्णता वाहते. ते ठोकून काढू नये, पत्रा पिचतो. चिंचेचे कोमट पाणी रात्रभर भरून ठेवावे, सकाळी ओतून द्यावे व बंब दोनदा धुवावा. ते पाणी कोणी पिऊ नये. पुटाच्या खपलीवर लिंबू पिळल्यास बुडबुडे येतात. तो कर्बद्विप्राणिल वायू, ज्यास आता कार्बन डायऑक्साइड म्हणतात.

गणिताच्या तासास पुढील उदाहरण द्यावे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यावयास १५ × २५ = ३७५ किलोकॅलरी लागतात. एक किलो सुक्या लाकडापासून सुमारे ३५०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे काहीच वाया न जाता सुमारे १०७ ग्रॅम लाकूड पुरावे. प्रत्यक्षात किती लागते ते मुलांनी घरी तोलून आणावे. फरक पाहून तीच कारणे शोधतील. ओल्या लाकडातील प्रत्येक किलो पाण्याची वाफ होण्यासच सुमारे ५४० किलोकॅलरी खर्ची पडतात, हे त्यांस मागाहून सांगावे.

तोटी ठिबकू लागल्यास प्रथम आतील चकती बदलावी. सांधा पाझरत असेल तर बंब कोरडा करून झाळण्यास द्यावा. लाख किंवा सिमेंट चोपडणे हा आठवडाभराचा उपाय होय. झाकण घट्ट बांधू नये, वाफेस वाट हवी. पेटता बंब बंद नहाणीत ठेवणे तर प्राणघातक आहे: कोंडलेल्या विस्तवातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतल्यासारखा गळून जातो. गॅसवर चालणाऱ्या गिझरासही हेच लागू आहे.

विजेच्या गिझरात पुट तापकाच्या कांबीवर बसते. तो उघडण्यापूर्वी मुख्य कळ बंद करावी, आणि हे काम जाणत्या वीजतंत्र्यानेच करावे; सुरक्षा-झडप गळते म्हणून ती कोणी बुजवू नये.

झाळीशेजारी झाळ पडू लागली, नळीचा पत्रा बोटाने दाबता दबू लागला, की दुरुस्ती थांबवावी. जुने तांबे मोडीत घालताना तांबटाकडून समोर तोलून घ्यावे. त्याची किंमत नव्या बंबाच्या मोलातून वजा होते.